सोलर-बायोगॅसचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण: नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांनी अर्ज कसा करावा?

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा पाठ बऱ्याच वर्गांत फळ्यावरच संपतो. तो हाताने करून शिकवायचा तर आधी शिक्षकाच्या हातात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन यायला हवी. अशा कार्यशाळा अधूनमधून निघतात. पण निवड होऊनही अनेकांचं जाणं हुकतं, कारण गाडी अडते ती परवानगीच्या कागदावर.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘सूर्यमित्र’ हा सोलर बसवणारे तंत्रज्ञ घडवणारा ६०० तासांचा कोर्स आहे. तो मुख्यतः आयटीआय झालेल्या तरुणांसाठी आहे, सेवेतल्या शिक्षकांनी त्याच्या मागे लागू नये. शिक्षकांनी लक्ष ठेवावं ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या (डाएट) पत्रांवर, महाऊर्जेच्या (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) नाशिक विभागीय कार्यालयावर आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या सूचनांवर. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकण्याची प्रयोगशाळा) असेल तर तिच्या प्रभारी शिक्षकालाही विचारत राहा.

पात्रतेची नेमकी अट प्रत्येक परिपत्रकात वेगळी असते. साधारणपणे सहावी ते दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांना प्राधान्य मिळतं. त्यामुळे ‘सदर शिक्षक विज्ञान विषय अध्यापन करतात’ असा मुख्याध्यापकांचा दाखला सुरुवातीलाच घेऊन ठेवा. भाषेचे शिक्षक असाल आणि लहान शाळेत विज्ञानही तुमच्याकडेच असेल, तर वेळापत्रकाची सही-शिक्क्याची प्रत जोडा.

आता मुख्य भाग. ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजू नका. जिल्हा परिषद शाळेतला अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या वाटेने वर जातो. खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत संस्थेची शिफारस लागते आणि पुढे माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय. मनपा शाळांचा कागद मनपाच्या शिक्षण विभागात जातो. शासकीय आश्रमशाळेतल्या शिक्षकांची वाट वेगळीच: पेठचा अर्ज आदिवासी विकास विभागाच्या नाशिक प्रकल्प कार्यालयात, सुरगाण्याचा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात. तो चुकून पंचायत समितीत दिला तर तिथेच पडून राहतो.

अर्जात ‘नवीन तंत्रज्ञान शिकण्याची इच्छा आहे’ असं मोघम लिहू नका. कोणत्या इयत्तेचा कोणता घटक, तो कधी शिकवणार, किती मुलांना फायदा, एवढं चार ओळींत लिहा. तुमच्या गैरहजेरीत तास कोण घेणार हेही त्यातच सांगा, कारण साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत मात्र परवानगीची आशा धरू नका.

कागद म्हणाल तर नियुक्ती आदेश, बी.एड. किंवा डी.एड.चं प्रमाणपत्र, शालार्थ आयडी, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, आधार, फोटो. अनुदानित शाळेत असाल तर वैयक्तिक मान्यतेचं (तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीचं) पत्रही. प्रवासभत्ता देणार असतील तर पासबुकाची झेरॉक्स. आयोजकांचं निवडपत्र तुमच्या नावाचं आणि तारखांसह हवं. व्हॉट्सअॅपवर आलेलं पोस्टर जोडून कर्तव्यरजा मिळत नाही.

कार्यशाळा निवडताना एकच विचारा: किट प्रत्येकाला की दहा जणांत एक? दहा वॅटचं पॅनल उन्हात धरून स्वतः मोजण्यासारखं शिक्षण नाही. काहीही न जोडता मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावला की साधारण २१ व्होल्ट दिसतात. मग एका सेलवर तळहात ठेवला की व्होल्टेज फारसं हलत नाही, पण शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट मीटरमधून जोडल्यावर वाहणारा प्रवाह) धाडकन कोसळतो. शाळेच्या गच्चीवरच्या पॅनलवर झाडाच्या फांदीची सावली का नको, हे मुलांना याहून सोपं करून सांगता येणार नाही. (गच्चीवरच्या खऱ्या संचाची वायर मात्र उघडू नका, तिथलं डीसी व्होल्टेज जीवघेणं असू शकतं.) जून ते सप्टेंबर ढगांचे, त्यामुळे शक्य असेल तर दिवाळीनंतरची बॅच घ्या.

‘हे वरिष्ठ वेतनश्रेणीला चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठीचं प्रशिक्षण वेगळं असतं.

निघताना कार्यमुक्तीचा आदेश घ्या. परतल्यावर हजेरी प्रमाणपत्रासह रुजू अहवाल द्या आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतः बघा. किट शाळेच्या नावाने मिळालं असेल तर त्याच आठवड्यात जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा, नाहीतर पुढच्या तपासणीत मल्टिमीटर कुठून आला याचा खुलासा तुम्हालाच लिहावा लागेल.