सोलापुरात सापडलेल्या जिवाणूला नवं नाव द्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या रंगीत सांडपाण्यातून किंवा सिद्धेश्वर तलावाच्या गाळातून वेगळा केलेला जिवाणू ‘नवीन’ वाटला, की पुढे काय करायचं असं मायक्रोबायोलॉजीची मुलं हमखास विचारतात. यासाठी छापील फॉर्म नाही, नावाची फी नाही, पदवीची अटही नाही. शोधनिबंध हाच अर्ज.

पात्रता
ती तुमची नाही, जिवाणूची तपासतात. कल्चर शुद्ध आणि जिवंत हवं. पुन्हा पुन्हा स्ट्रीक करूनही (प्लेटवर रेघा ओढून वेगळं करूनही) प्लेटवर दोन तऱ्हेच्या कॉलनी येत असतील, तर पुढचं सगळं काम वाया. मग १६एस आरआरएनए जनुकाचा (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात तो) क्रम ताडायचा. ब्लास्टमध्ये (क्रम जुळवून पाहणाऱ्या ऑनलाइन साधनात) सगळ्यात वर आलेलं नाव बघून खूश होऊ नका, तुलना टाइप स्ट्रेनशीच, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं त्या नमुना-कल्चरशीच करा. साम्य ९८.७ टक्क्यांखाली असेल तर आशा धरायला हरकत नाही. शेवटचा कौल मात्र पूर्ण जीनोमचा: सर्वात जवळच्या प्रजातीशी एएनआय (दोन जीनोममधलं सरासरी साम्य) ९५–९६ टक्क्यांखाली आणि डिजिटल डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशन (जीनोमच्या जुळणीचं संगणकावर काढलेलं दुसरं माप) ७० टक्क्यांखाली हवं.

कागदपत्रं
घोडं अडतं ते इथे. टाइप स्ट्रेन किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा असावा लागतो. पुण्याचं एनसीएमआर किंवा चंदीगडचं एमटीसीसी आपल्याकडचं. दुसरा संग्रह जर्मनीचा डीएसएमझेड किंवा जपानचा जेसीएम. दोन्ही भारतातले असून चालत नाही. संग्रहाच्या प्रमाणपत्रावर स्ट्रेन कोणालाही विनाअट मिळेल असं स्पष्ट हवं. पेटंटसाठी अडवून ठेवलेला स्ट्रेन बाद. परदेशी नमुना धाडण्याआधी जैविक विविधता कायदा, २००२ खाली काय लागतं, ते राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून लेखी घ्या. निबंध तयार झाल्यावर हे आठवलं तर फार उशीर होतो. याशिवाय १६एस आणि जीनोमचे ॲक्सेशन क्रमांक (सार्वजनिक डेटाबेसमधले नोंदणी क्रमांक), आणि पेशी, वाढ, रसायनं यांचं वर्णन.

नाव
लॅटिन व्याकरणाचं. बॅसिलस पुल्लिंगी, म्हणून ‘सोलापुरेन्सिस’. क्लॉस्ट्रिडियम नपुंसकलिंगी, तिथे ‘सोलापुरेन्से’. स्वतःचं नाव देऊ नये. नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे एलपीएसएनवर (जिवाणूंच्या नावांच्या ऑनलाइन यादीत) पाहा. वंश, म्हणजे नावाचं पहिलं पद, पुढे बदलू शकतो: इस्रोच्या सन्मानार्थ २००९ मध्ये नाव मिळालेला ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ नंतर ‘सोलिबॅसिलस’मध्ये गेला, दुसरं पद तेच राहिलं.

प्रसिद्धी
आयजेएसईएम या जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात वर्णन छापून आलं की नाव वैध. दुसरीकडे छापलं असेल तर निबंध आणि दोन्ही प्रमाणपत्रं तिथे पाठवून वैधता यादीत नाव घालून घ्यावं लागतं, आणि प्राधान्य त्या यादीच्या तारखेपासून धरतात, मूळ निबंधाच्या नाही.