तोंडी केमोथेरपी आणि पांढऱ्या पेशींची घट

केमोथेरपीच्या गोळ्या कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजातल्या) वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही मारतात. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, कमी होतात. मराठवाड्यात याला नुसतं 'पेशी कमी झाल्या' म्हणतात. प्लेटलेटसाठीही तोच शब्द वापरला जात असल्याने घोळ होतो.

सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यापेक्षा न्यूट्रोफिलची संख्या महत्त्वाची. एकूण २,४०० पेशींपैकी ६५ टक्के न्यूट्रोफिल असतील तर त्या १,५६० होतात; एकूण ३,००० असून न्यूट्रोफिल २५ टक्केच असतील तर फक्त ७५०. दुसऱ्या रुग्णाला धोका जास्त. १,५०० च्या खाली घट मानतात, ५०० च्या खाली गंभीर. टेमोझोलोमाइड या मेंदूच्या गाठीवरच्या गोळीत आकडा सर्वात खाली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जातो. रक्ताच्या कर्करोगातल्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिनची गोळी रोज आणि मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा देतात. तिथे आकडा मुद्दामच थोडा खाली ठेवतात. मात्र मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं, तर पेशी धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतात.

मुख्य उपाय म्हणजे डॉक्टरांनी गोळी थांबवणं किंवा डोस कमी करणं. पेशी वाढवणारं फिलग्रास्टिमचं इंजेक्शन निवडक रुग्णांनाच लागतं. डाळिंब, बीट, पपईच्या पानांचा रस यांनी हा आकडा सावरतो असं सिद्ध झालेलं नाही. (पाव्हणे मात्र रस घेऊनच येतात.) निरसं दूध आणि न उकळलेलं टँकरचं पाणी टाळावं. गरम भाकरी-वरण खुशाल खावं.

खरी कसोटी तापाची. गोळ्या घरी घेतल्या जातात आणि कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला असतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अंगातली कणकण 'ऊन लागलं' म्हणून सोडून दिली जाते. पावसाळ्यानंतर डेंग्यूचा संशय येतो, आणि डेंग्यूतही पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट ताप तासभर टिकला, किंवा एकदाच १०१ भरला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावं. पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आधी पॅरासिटामॉल घेतलं तर ताप झाकला जातो, संसर्ग तसाच राहतो. पेशी फार कमी असतील तर पूही धरत नाही, त्यामुळे जखम साधीच दिसते.

बीडकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि तपासणीची तारीख मागे राहते. सीबीसी तालुक्याच्या लॅबमध्येही होते. अहवालाचा फोटो डॉक्टरांना पाठवून त्यांचा होकार आल्यावरच पुढची गोळी घ्यावी.