दोघांवरही ‘२००’च लिहिलंय, पण एक ऑटोक्रॉसचा टायर आणि दुसरा ट्रॅकचा

योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ आणि हँकूक व्हेंटस आरएस४ शेजारी ठेवून पाहिले तर दोघांच्याही साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ‘ट्रेडवेअर २००’ कोरलेलं दिसतं. दोघेही उन्हाळी रबराचे, दोघेही रस्त्यावर चालवायला कायदेशीर. मग घेणारा साहजिकच म्हणतो, हा नाहीतर तो, काय फरक पडतो? फरक असा पडतो : ए०५२ गार असतानाच पहिल्या वळणापासून पकडतो, पण वीस मिनिटं सलग ट्रॅकवर दामटला की काही लॅपमध्येच गाडीचं नाक साबणावरून गेल्यासारखं बाहेर सरकायला लागतं. आरएस४ पहिल्या लॅपमध्ये रुसलेला असतो, पण एकदा तापला की शेवटच्या झेंड्यापर्यंत तसाच राहतो. ऑटोक्रॉसच्या एका मिनिटाच्या फेरीत तो धड जागा व्हायच्या आत फेरी संपलेली असते.

(इथे ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या मैदानावर शंकू मांडून घेतलेली, घड्याळाविरुद्धची फेरी. मातीवरची ऑटोक्रॉस वेगळी, तिचे टायरही वेगळे.)

आधी त्या आकड्याचं पाहू. ट्रेडवेअर हा अमेरिकेच्या यूटीक्यूजी पद्धतीतला झीज मोजायचा आकडा आहे. टेक्सासमध्ये साध्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किमी, चालवतात आणि प्रमाण ठरवलेल्या एका टायरच्या तुलनेत झीज पाहतात. चाचणी कंपनीने करायची, आकडाही कंपनीनेच छापायचा. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांची गाठ घालता येत नाही. शिवाय ही सगळी चाचणी सरळमार्गी माणसाच्या चालवण्याची. वळणात कड घासत नेली तर काय होईल, हे त्यात येतच नाही.

मग इतक्या टायरवर नेमका २००च का? कारण अमेरिकेतल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या ऑटोक्रॉस गटांत किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे, आणि इतर अनेक आयोजकांनीही तीच रेघ उचलली. रेघ आखली की सगळे तिला चिकटूनच उभे राहणार. तेव्हा २०० हा टायरचा स्वभाव नव्हे, प्रवेशपत्रिका आहे.

त्याच ओळीतली बाकीची दोन अक्षरंही फसवतात. ‘ट्रॅक्शन एए’ किंवा ‘ए’ हे ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक लॉक करून ब्रेक मारल्यावरचं माप आहे. वळणातल्या पकडीशी त्याचा संबंध नाही. ‘टेंपरेचर ए’ वाचून बरेच जण ट्रॅकची उष्णता झेलणारा टायर मिळाला असं समजतात. त्याचा खरा अर्थ एवढाच, की ताशी १८५ किमीच्या वरच्या वेगातही टायर तापून फुटत नाही. तापल्यावर त्याची ग्रिप टिकेल का, हे ते अक्षर सांगत नाही.

दोन्ही खेळांत टायरवर किती ताप चढतो, हे एका हिशेबात दिसतं. १,३०० किलोची गाडी ताशी १८० वरून ८० वर आणायची तर सुमारे १.३ मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ऑटोक्रॉसमध्ये ८० वरून ४० वर येताना पाव मेगाज्यूलही लागत नाही. यातला मोठा वाटा ब्रेक डिस्क घेतात हे खरं, पण जोरात ब्रेक मारताना आणि वळताना टायर थोडाफार घसरतच असतो आणि त्या घर्षणाची उष्णता थेट रबरात मुरते. शिवाय ऑटोक्रॉसमध्ये मिनिटभराच्या चार-सहा फेऱ्या, मध्ये दहा-वीस मिनिटं गाडी उभी. म्हणजे दिवसभरात सहा मिनिटंसुद्धा टायर खरा राबत नाही. ट्रॅक डेला (आपली गाडी सर्किटवर चालवायच्या दिवशी) वीस-वीस मिनिटांची चार-पाच सेशन, आणि सेशनमध्ये विश्रांती म्हणजे काय ती सरळ पट्टी.

म्हणून ऑटोक्रॉसच्या टायरचं रबर असं बनवतात की साधारण ४०-५० अंश सेल्सियसलाच ते पूर्ण पकडायला लागतं. ट्रॅकच्या टायरला ढोबळपणे ७० ते ९० अंश हवेत. शंभराच्या वर गेलं की कुठलाही २०० वाला कुरकुरतोच, पण ऑटोक्रॉसचा तिथे लवकर पोहोचतो आणि तिथून नीट परतही येत नाही. एकदा शिजलेल्या रबराच्या पृष्ठभागावर निळसर, चकचकीत साय धरते. पुढच्या सेशनच्या पहिल्या दोन लॅप ती साय खरवडण्यातच जातात.

ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस हाही मुख्यतः पहिल्या घरातला, म्हणजे लवकर जागा होणारा. रस्त्यावर न वापरता येणाऱ्या स्लिकच्या (खाचा नसलेल्या शर्यतीच्या टायरच्या) एक पायरी खाली जे आर-कंपाउंड, म्हणजे शर्यतीच्या रबराचे, टायर येतात, त्यांत हीच विभागणी कंपनी उघडपणे करते. हूजियरचा ए७ ऑटोक्रॉससाठी आणि आर७ सर्किटसाठी, दिसायला जवळपास जुळे. २०० च्या बाजारात मात्र नाव पाहून हे कळत नाही. खेळणाऱ्यांना विचारावं लागतं. विचारताना ‘कसा आहे?’ असं विचारू नये. ‘सहाव्या लॅपला कसा असतो?’ असं विचारावं.

दोन्ही खेळ एकाच सेटवर खेळायचे असतील तर आमचा कौल ट्रॅकच्या टायरला. चूक दोन्हीकडे होऊ शकते, पण दंड सारखा नाही. ट्रॅकचा टायर घेऊन ऑटोक्रॉसला गेलात तर फेरीमागे काही दशांश सेकंद जातील, गार सकाळी जास्त. ऑटोक्रॉसचा मऊ टायर घेऊन ट्रॅकवर गेलात तर एका दिवसात बाहेरची कड खलास होऊ शकते, आणि त्याआधी ग्रिप नेमकी जास्त वेगाच्या वळणात कमी होत जाते. आणि पहिलंच वर्ष असेल तर दोन्ही सोडा : मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस सारख्या ३०० ट्रेडवेअरच्या टायरवर शिका. तो आधी ओरडतो, मग सावकाश सुटतो. मऊ टायर चुका पोटात घालतो आणि मग एकदम सोडून देतो.

आता हवा. टायर कुठलाही घ्या, हवेचं गणित चुकलं तर दोन्ही सारखेच वाईट.

बंद टायरमधली हवा दर १० अंश सेल्सियसला साधारण दीड पीएसआय चढते. सकाळी २० अंशाला २६ पीएसआय भरली आणि सेशनमध्ये आतली हवा ६५ अंशाला गेली, तर गेज ३२ च्या थोडं वर दाखवेल. म्हणून ट्रॅकवर गरम आकडा आधी ठरवायचा आणि तिथून उलटं यायचं. सुरुवातीला साधारण ३२ ते ३५ गरम धरून चाला. पहिलं सेशन संपवून पिटमध्ये आलात की लगेच, दोन मिनिटांच्या आत, चारही मोजा आणि जास्तीची सोडा. उजवीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर डावे टायर जास्त चढलेले असतील. चारही गरम असताना सारखे करा, गार असताना नव्हे. दिवस संपल्यावर घरी निघण्याआधी मात्र हवा परत भरायची. टायर गार झाले की हेच आकडे २५-२६ वर येतात आणि तेवढ्यावर हायवे धरणं म्हणजे साइडवॉलचा छळ.

ऑटोक्रॉसमध्ये टायर तापतच नाही, त्यामुळे गार आकडाच जवळजवळ खरा आकडा असतो. इथे खडू कामाला येतो. ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) कडेपासून साइडवॉलवर बोटभर खाली, तीन जागी, पांढऱ्या खडूच्या रेघा ओढा. एक फेरी मारा. बऱ्याच टायरच्या कडेला छोटा त्रिकोण असतो. खडू त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्याच्याही खाली पुसला गेला तर टायर कुशीवर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. टोकापर्यंत पोहोचलाच नाही तर एक-दोन कमी करा. (हा त्रिकोण खरं तर झीज-पट्टी, म्हणजे टायर संपल्याची खाचेतली खूण, कुठे आहे ते दाखवायला असतो. खूण म्हणून सोयीचा, एवढंच.) फेरीगणिक एखादा पीएसआय चढतो तेवढा सोडत राहा.

एकाच गाडीवर दोन चालक असतील तर गाडीला उसंत मिळत नाही आणि मऊ टायर ऑटोक्रॉसमध्येही तापतो. म्हणून बागेत फवारायचा हातपंप घेऊन रांगेत टायरवर पाणी मारतात. गाडी थोडी पुढे सरकवून टायरचा सगळा घेर भिजवायचा, पण सुरुवातीच्या रेषेवर जाईपर्यंत ट्रेड कोरडा व्हायला हवा. ट्रॅकचा टायर असेल तर पंप घरी ठेवा, उलट रांगेत तो गार पडू नये याची काळजी करा.

तापमान मोजायला इन्फ्रारेड बंदूक स्वस्त आणि सोपी, पण ती फक्त वरची कातडी मोजते आणि कातडी पिटपर्यंत येताना गार होते. सुईचा पायरोमीटर रबरात दोन-तीन मिलिमीटर आत जातो, तोच खरं बोलतो. आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे घ्या. मधला जास्त म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडा जास्त म्हणजे हवा कमी. फक्त बाहेरची कड जास्त म्हणजे निगेटिव्ह कँबर (चाकाचा माथा आत कलण्याचा कोन) अपुरा. हा शेवटचा रोग सगळ्यात जास्त आढळतो. कारखान्यातून आलेल्या गाडीला पुढे अर्धा ते एक अंश कँबर असतो, ट्रॅकला अडीच-तीन अंश लागतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा कँबर नसेल तर महागातला टायर घेऊन फक्त त्याची कडच महाग होते. आधी कँबर बोल्ट किंवा प्लेट बसवा.

रुंदीचा मोह आवरा. २२५/४५ आर१७ (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी) साडेसात-आठ इंची रिमवर ताठ बसतो. त्याच रिमवर २४५ दाबून बसवला तर साइडवॉल फुगलेल्या पोळीसारखा दोन्हीकडे बाहेर येतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी विचार करते, मग वळते. २४५/४० ला साडेआठ इंच हवेत. शंकूंच्या मधून झटपट दिशा बदलायची असते तिथे हा उशीर जास्त जाणवतो.

नवा टायर ट्रॅकला थेट लावू नये. पूर्ण उंचीचे ट्रेडचे ठोकळे जोरात वळताना वाकतात, वाकण्यात आणखी तापतात आणि कडेचे तुकडे उडतात. म्हणून काही जण ट्रेड मशीनवर तासून तीन-चार मिलिमीटरवर आणतात. पावसात त्याचा तोटा उघड आहे, पाणी खाचांतूनच बाहेर जातं. तासायचं नसेल तर पहिलं सेशन सत्तर टक्क्यांनी चालवा, तापमान हळूहळू चढू द्या आणि मग टायर निदान एक दिवस तसाच ठेवा. पहिल्या तापण्यात रबरातले काही दुवे तुटतात, ते विश्रांतीत जुळतात. ऑटोक्रॉसच्या टायरला हे सोपस्कार फारसे लागत नाहीत. तो नवा असतानाच सगळ्यात वेगवान असतो.

पुढे मात्र प्रत्येक तापून गार होण्याबरोबर रबर थोडं घट्ट होत जातं. खाचा शिल्लक आहेत पण वेळ मंदावतोय, असं झालं की झिजण्याआधी टायर म्हातारा झाला असं समजा. जुना माल घेताना साइडवॉलवरचे चार अंकी आकडे पाहा : ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. हिवाळ्यात काढून ठेवताना काळ्या पिशवीत, अंधारात, इलेक्ट्रिक मोटरपासून लांब ठेवा, कारण तिच्यातून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. शून्याच्या आसपासच्या थंडीत हे टायर चालवू नयेत, नुसते हलवतानाही जपून. मऊ उन्हाळी रबर गोठलं की चिरतं.

झीज वाचताना हात फिरवा, नुसतं पाहू नका. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलाय. पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या आणि रबराच्या गुठळ्या दिसल्या तर टायर गार असताना ताणला गेला. ट्रॅकचा टायर ऑटोक्रॉसला नेल्याची ही ठरलेली खूण. फोड आणि खड्डे म्हणजे रबर आतून उकळलं, ही उलटी चूक. बाहेरची कड झीज-पट्टीपर्यंत आली आणि आतली बाजू चार मिलिमीटर असेल तर टायरवाल्याकडून रिमवर उलटा बसवून घेता येतो. दिशेचा बाण असलेला टायर मग डावीकडून उजवीकडे न्यावा लागतो. कडेला कापडाचे धागे दिसले, एका जागी दिसले तरी, तो टायर त्याच सेशननंतर उतरवायचा.