तृतीयपंथीयांची आरोग्यसेवा

जन्माच्या वेळी शरीर पाहून नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारे लिंग ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, अशा व्यक्तींची वैद्यकीय सेवा. हार्मोनचे उपचार आणि शस्त्रक्रिया हा तिचा एक भाग झाला. ताप, क्षय, मधुमेह, मोडलेला हात, बिघडलेले मन हा त्याहून मोठा भाग. लोकांचे कुतूहल शस्त्रक्रियेपाशी घुटमळते, पण अडचण सुरू होते ती त्याच्या कितीतरी आधी, केसपेपरच्या खिडकीपाशी. नाव कोणते सांगायचे, लिंगाच्या रकान्यात काय लिहायचे, बायकांच्या रांगेत उभे राहायचे की पुरुषांच्या, भरती व्हावे लागले तर कोणत्या वॉर्डात, हे प्रश्न दुखणे सांगण्याआधीच येऊन उभे राहतात. रांगेतल्या नजरा सहन न होऊन अनेकजण त्या खिडकीवरूनच परत फिरतात आणि दुखणे हाताबाहेर गेल्यावरच पुन्हा येतात. म्हणून समावेशक आरोग्यसेवेची खरी परीक्षा खिडकीवर होते. ऑपरेशन थिएटर फार पुढे आले.

संज्ञा

'तृतीयपंथी' हा शब्द मराठीत वर्तमानपत्रे, शासन निर्णय आणि रोजचे बोलणे अशा सगळीकडे रूढ आहे. 'पारलिंगी' हा अलीकडचा शब्द अधिक व्यापक असून त्यात ट्रान्स स्त्रिया (जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंदलेल्या), ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंदलेले) आणि या दोन्ही चौकटींत न बसणारे असे सगळे येतात. 'हिजडा' हे मुळात गुरू-चेल्यांच्या परंपरेत राहणाऱ्या एका समाजाचे नाव. त्या समाजातली माणसे ते स्वतःसाठी ताठ मानेने वापरतात; बाहेरच्याच्या तोंडी मात्र ते बहुतेक वेळा शिवी म्हणूनच येते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात यल्लम्माला सोडलेले जोगते आहेत. त्यांची परंपरा वेगळी आहे, आणि हिजडा समाजातल्या 'निर्वाणा'शी, म्हणजे लिंगच्छेदाशी, तिचा संबंध असेलच असे नाही. डॉक्टरने हे ठाऊक करून घेतले पाहिजे. समोर साडी नेसलेली तृतीयपंथी व्यक्ती आहे एवढ्यावरून तिच्या शरीराविषयी काहीही गृहीत धरता येत नाही.

'तृतीयपंथी' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळी वाजवणारी व्यक्ती येते, ट्रान्स पुरुष येत नाहीत. ते बहुधा जन्मदात्या घरातच, लग्नाच्या दडपणाखाली वाढतात, आणि त्यांच्या पाठीशी हिजडा समाजातल्या गुरू-चेल्यांच्या घराण्यासारखी कुठलीही जुनी व्यवस्था नसते. दाढी-मिशा असलेल्या माणसाला गर्भाशयाच्या दुखण्यासाठी स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसावे लागते तेव्हा त्याची काय अवस्था होत असेल, याचा विचार आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

आंतरलिंगी व्यक्तींचा विषय वेगळा. त्यांच्या गुणसूत्रांत किंवा शरीररचनेत जन्मापासूनच स्त्री-पुरुष अशी सरळ विभागणी नसते. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्यात 'वाय' गुणसूत्र आढळले. रजेसाठी झगडावे लागल्यानंतर २०१८च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि पुढे ते पुरुष म्हणून पोलीस दलातच राहिले. महाराष्ट्रातल्या गावागावांत या विषयावर उघडपणे बोलणे झाले ते बरेचसे या घटनेमुळे.

बोलण्याची रीत

मराठीत क्रियापदालाही लिंग लागते, त्यामुळे तोंड उघडताच ओळख मान्य किंवा अमान्य होते. ट्रान्स स्त्री 'मी आले' म्हणते, ट्रान्स पुरुष 'मी आलो' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने तेच रूप धरायचे असते. सर्वांत जास्त लागतो तो नपुंसकलिंगी उल्लेख. 'ते आलंय बघ' हे वाक्य वॉर्डातली मावशी कदाचित सहज बोलून जाते, पण ऐकणारीच्या मनात ते वर्षानुवर्षे राहते. आपल्या भाषेत याला सोपी वाटही आहे. 'तुम्ही कुठून आलात?', 'कधीपासून दुखतंय?', 'जेवलात का?' या वाक्यांत लिंग कुठेच येत नाही. हिंदीतल्या 'आप'ला ही सवलत नाही. अहो-जाहो करून बोलणे आणि हाक मारायचे नाव विचारून घेणे एवढ्याने अर्धे काम होते, आणि त्याला पैसा लागत नाही.

पूर्वपीठिका

मराठा राज्यात काही हिजड्यांना गावोगावी भिक्षा आणि ठरावीक रक्कम गोळा करण्याचे वतनी हक्क होते. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते संपवत आणले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने या समाजाची नोंदवही ठेवण्याची आणि सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेशात नाचण्याबद्दल शिक्षा करण्याची तरतूद केली. तिची अंमलबजावणी मुख्यतः उत्तर भारतात झाली. सरकारी कचेरीत नाव लिहून द्यायचे म्हणजे संकट ओढवून घ्यायचे, ही समजूत अशा अनुभवांतूनच रुजली असे मानायला जागा आहे. आजही नोंदणीचे नाव काढले की जुन्या गुरू सावध होतात, तो त्यांचा अडाणीपणा नव्हे.

समाजाने आपली व्यवस्था आपणच उभी केली. मुंबईत हिजड्यांची सात घराणी मानली जातात. पूनावाला, लालनवाला, भेंडीबाजार, लष्करवाला ही त्यांपैकी काही. गुरू, गुरूची गुरू म्हणजे नानगुरू, चेला, गुरुबहीण अशी नाती त्यात असतात. घरातून हाकललेल्या मुलीला छप्पर मिळते ते इथेच. ती आजारी पडली की रात्रभर उशाशी बसणाऱ्याही याच.

निर्वाण आणि शस्त्रक्रिया

परंपरेत निर्वाणाची क्रिया समाजातलीच जाणती व्यक्ती, दाईअम्मा, करीत असे. त्यानंतर चाळीस दिवस एकांत आणि पथ्य, मग हळद आणि बहुचरा मातेची पूजा. भूल नाही, टाके नाहीत. रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने जीव जाण्याचा धोका मोठा. वाचलेल्यांनाही मूत्रमार्ग अरुंद होण्याचा त्रास आयुष्यभर राहू शकतो. लघवीला अडते, वारंवार संसर्ग होतो, आणि दाखवायला जावे तर पुन्हा तीच खिडकी.

शिकलेले शल्यविशारद या कामाला बराच काळ बिचकत असत. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२०मध्ये 'गंभीर दुखापती'च्या यादीत पुरुषत्व नष्ट करणे पहिल्याच क्रमांकावर होते. ज्यांच्याकडे पात्रता होती ते हात आखडत आणि ज्यांच्याकडे ती नव्हती ते कोपऱ्यातल्या खोलीत पैसे घेऊन उरकत. परंपरेतल्या धोक्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. हा दुसरा धोका मात्र कायद्याच्या भीतीने आणि डॉक्टरांच्या गप्प बसण्याने तयार केला.

आज शास्त्रशुद्ध शस्त्रक्रिया अनेक प्रकारच्या आहेत: छातीची, जननेंद्रियांची, चेहऱ्याची. सगळ्यांना सगळ्या हव्या असतात असे नाही, काहींना एकही नको असते. शस्त्रक्रिया केली तरच ओळख खरी, ही समजूत चुकीची आहे. तामिळनाडूने २००८मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रिया मोफत केल्या. या बाबतीत ते राज्य महाराष्ट्राच्या बरेच पुढे होते, हे मान्य करायला हवे.

हार्मोन

ट्रान्स स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि पुरुषी हार्मोनला आवर घालणारी औषधे, ट्रान्स पुरुषांना टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने, असा उपचार अंतःस्राव तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासून करायचा असतो. प्रत्यक्षात अनेकजणी मैत्रिणीने सांगितले म्हणून औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेतात, आणि लवकर फरक दिसावा म्हणून दिवसाला बऱ्याच. त्या गोळ्यांत सहसा इथिनिल इस्ट्राडायोल असते. त्याने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून लिंगओळखीच्या उपचारात ते आता टाळतात. बाई तंबाखू किंवा सिगारेट ओढणारी असेल तर धोका आणखी वाढतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालयात जाऊन आपण कोणत्या गोळ्या घेतो ते स्पष्ट सांगणे जीव वाचवणारे ठरते. ते सांगण्याचा धीर व्हावा असे वातावरण ठेवणे रुग्णालयाच्या हातात असते.

टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबते, आवाज फुटतो, दाढी येते आणि रक्त घट्ट होऊ शकते. फुटलेला आवाज औषध बंद केल्यावरही परत फिरत नाही. उलट इस्ट्रोजेनने एकदा फुटलेला आवाज बारीक होत नाही. त्यासाठी सराव लागतो. दोन्ही उपचारांचा मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि हे आधीच बोलायला हवे. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असेही नव्हे.

बारीकसारीक गोष्टीही सुटून जातात. प्रयोगशाळेच्या अहवालात हिमोग्लोबिनची 'योग्य' पातळी स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळी छापलेली असते. रकान्यात चुकीचे लिंग पडले की ठीक असलेला अहवाल बिघडलेला दिसतो. ट्रान्स स्त्रीची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहते. ट्रान्स पुरुषाचे गर्भाशयमुख असेल तर त्याच्या कर्करोगाची चाचणी त्यालाही करावी लागते. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध शरीरातल्या हार्मोनचा निचरा वेगाने करते, तेव्हा डोसाकडे पुन्हा पाहावे लागते. अवयव असेल ते तपासायचे, कागदावर लिंग काहीही असो, हा साधा नियम इथे उपयोगी पडतो.

आजार कशाला म्हणायचे

पारलिंगी असणे हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली. भारतीय वैद्यकीय शिक्षणाला मात्र धक्का बाहेरून बसावा लागला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिलेल्या आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अभ्यासक्रमातला अवमानकारक मजकूर सुधारण्यास सांगितले, आणि २०२२मध्ये 'ओळख बदलवून देण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही २०२४च्या ऑगस्टअखेर आलेल्या नव्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकशास्त्रातला जुना मजकूर परत डोकावला, आणि टीका झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. ज्या पुस्तकावरून डॉक्टर घडतात तेच जर शिकवत असेल की समोरची व्यक्ती म्हणजे विकृती, तर ओपीडीतल्या वागण्याचा दोष एकट्या तरुण डॉक्टरला कसा द्यायचा?

कायदा आणि चळवळ

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात, ज्याला सगळे 'नाल्सा निकाल' म्हणतात, लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. ठाण्याच्या हिजडा कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे म्हणणे त्या निकालपत्रात नोंदलेले आहे. मालाडच्या 'सखी चारचौघी' या संस्थेच्या गौरी सावंत आणि १९९४मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'हमसफर ट्रस्ट'ने एचआयव्ही प्रतिबंधाच्या निमित्ताने आरोग्याचे काम वस्त्यांपर्यंत नेले. २०१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हिजडा व ट्रान्स व्यक्तींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ३.१४ टक्के होते, तर सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२२ टक्के. त्यामुळे निधी आला तोही बहुतेक एचआयव्हीसाठीच. कंडोमचे वाटप झाले, रक्त तपासले गेले. रक्तदाब आणि नैराश्य विचारायला कोणी आले नाही.

२०१९चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२०पासून लागू झाला. त्याच्या कलम १५ने शस्त्रक्रिया, हार्मोन, समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि विमा या जबाबदाऱ्या सरकारवर टाकल्या. मात्र ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचे आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर शस्त्रक्रियेचा दाखला आणायचा, ही तरतूद नाल्सा निकालाला छेद देणारी म्हणून चळवळीने विरोध केला. तो विरोध रास्त होता. २०२२मध्ये जाहीर झालेल्या 'आयुष्मान भारत टीजी प्लस' योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण धरले आहे, तेही ओळखपत्र असलेल्यांनाच. २०११च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. ज्यांनी भीतीपोटी तो रकाना निवडला नाही ते यात नाहीत.

मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३च्या फेब्रुवारीत तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा वेगळा वॉर्ड सुरू झाला. वेगळा वॉर्ड म्हणजे वेगळे पाडणे नव्हे का, ही शंका घेणारे समाजातही आहेत. पण पुरुषांच्या वॉर्डात रात्रभर जागून काढलेल्या बाईला तो वॉर्ड आधी हवा असतो, वाद नंतर.

हैदराबादमध्ये २०२१च्या जानेवारीत तृतीयपंथीयांसाठी 'मित्र क्लिनिक' उघडले आणि त्यापाठोपाठ कल्याण व पुण्यात. डॉक्टर, समुपदेशक आणि खिडकीवर बसणारी माणसे यांत समाजातलीच माणसे होती. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि तिच्यावर चालणारी ही क्लिनिके बंद पडली. हैदराबादचे पुढे देशी मदतीवर नव्या नावाने उभे राहिले.

नातेवाईक कोण

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सहीपुढे 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो. तिथे गुरू म्हणजे कोण? २०१९च्या कायद्याने कुटुंब मानले ते रक्ताचे, लग्नाचे किंवा दत्तकविधानाचे. डेऱ्याचे, म्हणजे गुरू-चेल्यांच्या घराचे, त्यात नाव नाही. मूल आईवडिलांकडे राहू शकत नसेल तर त्याने पुनर्वसन केंद्रात जावे असे तो कायदा सांगतो. म्हणून ज्या घराने मुलीला हाकलले त्याच घरच्या माणसाची सही शोधत चेल्या धावतात, आणि मृत्यूनंतर वीस वर्षांत न भेटलेला भाऊ येऊन देह ताब्यात घेतो, केस कापून पुरुषाच्या कपड्यांत अंत्यसंस्कार करतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवून जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला देहाचा ताबा मागता यावा असे कळवले. त्यात जोडीदाराचा उल्लेख आहे, गुरू किंवा चेल्याचा नाही. म्हाताऱ्या गुरूची साखर तपासणे, पायाच्या जखमेची मलमपट्टी करणे, तिला रिक्षात घालून ओपीडीत नेणे हे सगळे चेल्याच करतात, आणि केसपेपरवर त्या रकान्यात बहुतेक वेळा लिहिले जाते: 'शेजारी'.