कंपनी फिटिंग की त्या काळचं? जुन्या स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगची किंमत लावताना

जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग विकायला निघालं की त्याला एक शब्द हमखास चिकटतो: ओरिजिनल. पण हा शब्द दोन वेगवेगळ्या वस्तूंना लावला जातो, आणि लावणारा बहुतेक वेळा खोटंही बोलत नसतो. पहिली वस्तू म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यावर बसवलेलं स्टिअरिंग, किंवा त्याच पार्ट नंबरचं दुसरं. आपण याला कंपनी फिटिंग म्हणतो. दुसरी वस्तू म्हणजे त्याच काळात, नावाजलेल्या कारखान्यात बनलेलं, पण गाडीच्या मालकाने हौसेने बाहेरून विकत आणून चढवलेलं स्टिअरिंग. त्याला इथे ‘त्या काळचं’ म्हणू. दोन्ही जुनी, दोन्ही अस्सल, दोन्हींच्या कड्यावर पन्नास-साठ वर्षांच्या हातांची झिलई. तरी एकाच्या किमतीवरून दुसऱ्याची किंमत काढायला गेलात की हिशेब चुकलाच म्हणून समजा.

गोंधळाचं मूळ नावात आहे. इटलीतल्या नार्दी या कंपनीची लाकडी स्टिअरिंग फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्यांवर कारखान्यातूनच येत. त्याच नार्दीची स्टिअरिंग पोर्शे ३५६ चे मालक आवडीने वेगळी घेऊन बसवत. पहिल्या उदाहरणात नार्दी म्हणजे कंपनी फिटिंग, दुसऱ्यात बहुधा बाहेरचा दागिना. मोमोचंही तसंच. इटालियन रेसर जानपिएरो मोरेत्ती यांनी स्वतःच्या हाताला बरं वाटावं म्हणून जाड कड्याचं स्टिअरिंग करून घेतलं. जॉन सर्टीस यांनी ते १९६४ मध्ये आपल्या फेरारी फॉर्म्युला वन गाडीवर वापरलं, त्याच वर्षी ते जगज्जेते झाले आणि मोरेत्ती यांच्या मोमो या कंपनीचं नाव झालं. पुढे मोमोची स्टिअरिंग काही गाड्यांवर कारखान्यातूनच येऊ लागली, आणि हजारो गाड्यांवर दुकानातून येत राहिली. म्हणजे मधल्या बटणाभोवती किंवा आऱ्यावर कोरलेलं नाव वाचून ते कोणी बनवलं हे कळतं. ते कोणासाठी बनवलं होतं हे कळत नाही, आणि भाव तर त्यावर ठरतो.

कंपनी फिटिंगची किंमत मुळात गाडी ठरवते. त्या काळातली कारखान्याची स्टिअरिंग मोठी असत, ४०० ते ४२० मिलिमीटर व्यासाची, कारण पॉवर स्टिअरिंग नव्हतं आणि चाकं वळवायला लांब तरफ लागे. मोठं कडं मांड्यांना अडायचं, दिसायला बसच्या स्टिअरिंगसारखं वाटायचं. म्हणून कित्येकांनी नवी गाडी घरी आणली की ते काढून माळ्यावर टाकलं आणि ३५०-३८० मिलिमीटरचं छोटं, देखणं स्टिअरिंग चढवलं. आज त्याच गाड्या पूर्ववत करायला घेतलेल्या मालकांना माळ्यावरचं ते ‘बसचं’ स्टिअरिंग हवं आहे. गाड्या शिल्लक आहेत, स्टिअरिंग हरवली आहेत. या तफावतीतून भाव तयार होतो. स्टिअरिंग किती सुंदर आहे हा प्रश्न त्यात फार मागे पडतो. पोर्शे ९१२ सुरुवातीला साध्या काळ्या कठीण प्लास्टिकच्या स्टिअरिंगसह येई आणि तिच्याच काळातल्या ९११ ला लाकडी कडं असे. लाकडी अर्थातच महाग. पण ज्याला आपली ९१२ कारखान्यातून निघाली तशी करायची आहे, त्याच्या दृष्टीने ते काळं प्लास्टिकच बरोबर, आणि कुठल्याही देखण्या लाकडी स्टिअरिंगने त्याचं काम भागत नाही.

त्या काळच्या स्टिअरिंगला अशी एकच गाडी बांधलेली नसते. मधला हब, म्हणजे स्टिअरिंगला गाडीच्या दांड्याशी जोडणारा तुकडा, बदलला की ते अनेक गाड्यांवर बसतं. म्हणून त्याचा गिऱ्हाईकवर्ग मोठा, पण अडलेला नाही. आवडलं तर घेईल, नाही तर दुसरं पाहील. आणि इथे भावाला वरून एक छत आहे. नार्दी आणि मोमो आजही आपली जुन्या वळणाची स्टिअरिंग नवी बनवून विकतात. नव्या स्टिअरिंगची किंमत कोणालाही दिसते. जुन्याला तिच्याहून जास्त मागायचे तर त्याच्याकडे जास्तीचं काही असावं लागतं: वाचता येणारी तारीख, आता न बनणारा आऱ्यांचा नमुना, त्या काळचं हॉर्नचं बटण. यातलं काही नसेल तर नव्याची किंमत ओलांडण्याचं कारण मला दिसत नाही, विकणारा ‘व्हिंटेज’ हा शब्द कितीही ठळक लिहो.

कंपनी फिटिंगला असं छत सहसा नसतं. हुबेहूब नक्कल बाजारात आली तर मात्र एक विचित्र गोष्ट होते. फुटक्या, मध्यम प्रतीच्या मूळ स्टिअरिंगचे भाव खाली येतात, कारण नुसतं दिसण्यापुरतं हवं असलेला मालक नक्कल घेऊन मोकळा होतो. उत्तम स्थितीतली मूळ स्टिअरिंग मात्र जागची हलत नाहीत. ज्याला खरंच हवं त्याला नक्कल चालतच नाही.

कंपनी फिटिंग म्हटलं तरी त्याच्या पोटात आणखी फरक असतात, आणि इथे घाईने फार नुकसान होतं. ‘ई-टाइप जॅग्वारचं स्टिअरिंग’ अशी एकच वस्तू नाही. १९६१ पासूनच्या पहिल्या मालिकेत लाकडी कडं आणि भोकं पाडलेले अॅल्युमिनियमचे तीन आरे. १९७१ मध्ये आलेल्या तिसऱ्या, बारा सिलिंडरच्या मालिकेत चामड्याचं कडं. १९७० च्या आसपासच्या पोर्शे ९११ साठी ४०० आणि ३८० मिलिमीटर अशी दोन मापं होती. फोटोत ती ओळखू येत नाहीत, म्हणून मोजपट्टी लावलेला फोटो मागावाच. मर्सिडीज ३०० एसएल हे माझं सर्वात आवडतं उदाहरण. १९५४ ते ५७ दरम्यान बनलेल्या, वर उघडणाऱ्या दारांच्या कूपेचा उंबरठा इतका उंच आणि रुंद होता की चालकाला आत सरकता यावं म्हणून स्टिअरिंग हबापाशी खाली दुमडायची सोय दिली होती. नंतरच्या उघड्या रोडस्टरला साधी दारं, त्यामुळे त्या बिजागरीची गरजच उरली नाही. समोरून फोटो काढला तर दोन्ही भावंडं. मागची बाजू पाहिल्याशिवाय यांची किंमत बोलणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये.

एक तारीख लक्षात ठेवावी: १ जानेवारी १९६८. त्या दिवसापासून बनलेल्या आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना, अपघातात स्टिअरिंग चालकाच्या छातीत घुसू नये याबद्दलचा सुरक्षा नियम लागू झाला. अमेरिका ही युरोपी स्पोर्ट्स कारची फार मोठी बाजारपेठ, त्यामुळे त्या सुमारास अनेक गाड्यांची स्टिअरिंग आणि त्यांचे हब बदलले. म्हणून एकाच मॉडेलच्या १९६७ आणि १९६८ च्या गाड्यांची स्टिअरिंग एकमेकांच्या जागी ‘बरोबर’ धरली जातीलच असं नाही. वर्ष विचारल्याशिवाय भाव सांगता येत नाही तो यामुळे.

खुणा कुठे शोधायच्या? मागच्या बाजूला. कंपनी फिटिंगवर पार्ट नंबर, पुरवठादाराचं चिन्ह, ओतकामाची तारीख यांपैकी काहीतरी बहुधा सापडतं. पोर्शेच्या ९११ च्या स्टिअरिंगचे नंबर ९११.३४७ ने सुरू होतात, कारण ३४७ हा त्यांच्या यादीतला स्टिअरिंगचा गट. मोमोवर आऱ्याच्या पाठीला महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, आणि अनेकांवर जर्मन मान्यतेचा केबीए नंबर. पण तारखेचा अर्थ नीट लावायला हवा. १९७३ च्या गाडीवरच्या स्टिअरिंगवर १९८५ ठोकलेलं असेल तर ते त्या गाडीसोबत आलेलं नाही, विषय संपला. उलट गाडीच्या आधी दोन महिन्यांची तारीख सापडली म्हणून ते कारखान्यातच बसलं होतं असं सिद्ध होत नाही. दुकानातलं स्टिअरिंगही त्याच महिन्यात बनलेलं असू शकतं. तारीख दावा मोडू शकते, उभा करू शकत नाही. त्या काळच्या स्टिअरिंगला मात्र तेवढी तारीख पुरते, कारण त्याचा दावाच तेवढा असतो.

आता मोडतोडीचा हिशेब. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे चुकतात.

कठीण प्लास्टिकच्या कड्यात आत पोलादी गज असतो. वर्षानुवर्षं उन्हातान्हात प्लास्टिक आकसतं, गज आकसत नाही, मग आरे जिथे कड्याला मिळतात तिथे भेगा पडतात. भेगेतून ओल शिरली की गज गंजून फुगतो आणि भेग आणखी उघडते. लाकडी कड्यात लाकडाच्या पट्ट्या धातूच्या सांगाड्याभोवती चिकटवलेल्या असतात. तिथे आधी वॉर्निश उडतं, मग सांधे सुटतात. चामडं आक्रसून शिवण उसवते. या सगळ्याची दुरुस्ती होते, पण ती महाग असते, आणि चांगला कारागीर कामाने भरलेला असतो.

समजा पूर्ण दुरुस्त झालेल्या एका कंपनी फिटिंग स्टिअरिंगची बाजारात किंमत १०० आहे आणि दुरुस्तीला ४५ लागतात. मग भेगाळलेल्याची किंमत ५५? तितकी नाही. दुरुस्ती बिघडण्याचा धोका, महिनोन्महिने वाट पाहणं, आत गज किती गंजला आहे हे उघडल्याशिवाय न कळणं, हे सगळं विकत घेणारा डोक्यावर घेतो. तो ३५-४० च्या पुढे सहसा जाऊ नये. मात्र ती जात इतकी दुर्मीळ असेल की कारागीरच फुटकी स्टिअरिंग शोधत फिरत आहेत, तर हेच गणित उलटं फिरतं आणि भेगाळलेला सांगाडाही ५५ च्या वर जातो. म्हणून आधी पाहायचं की अशी किती स्टिअरिंग गेल्या वर्षभरात खरोखर विकली गेली. मागितलेल्या किमती बाजूला ठेवा. विकली न गेलेली वस्तू वर्षभर त्याच भावात पडून असते, आणि नवखा माणूस तोच बाजारभाव समजतो.

हाच १०० चा हिशेब त्या काळच्या स्टिअरिंगला लावू नका. तिथे दुरुस्तीचा खर्च नव्या स्टिअरिंगच्या किमतीजवळ गेला की भेगाळलेल्याला जवळपास काहीच उरत नाही, एखादा फार वेगळा नमुना सोडला तर.

जुनेपणाच्या खुणांबाबतही दोघांचा न्याय वेगळा. हात न लावलेलं, मूळ वॉर्निश असलेलं, थोडं पिवळटलेलं कंपनी फिटिंग हे नव्याने चकाकवलेल्यापेक्षा जास्त मोलाचं ठरू शकतं, विशेषतः ज्या गाडीचं बाकी अंतरंगही जुनंच आहे तिच्यासाठी. एकदा घासून काढलेलं वॉर्निश परत येत नाही. विकायच्या आधी ‘जरा साफ करून घेऊ’ म्हणून पॉलिश कागद हातात घेणाऱ्याला मी कळकळीने थांबवेन. त्या काळच्या स्टिअरिंगला नीट केलेलं नवं वॉर्निश सहसा नडत नाही. ते घेणारा गाडी चालवायला घेतो.

सुट्या भागांचंही असंच. कंपनी फिटिंगसोबत हॉर्नचं बटण, त्याची कडी, आतली संपर्काची पट्टी आणि मूळ हब असेल तर पूर्ण किंमत मागावी. काही नसेल तर भरपूर वजावट, कारण ते सुटे तुकडे स्टिअरिंगहूनही दुर्मीळ असतात. त्या काळच्या स्टिअरिंगला बटण आणि हब आजही नवे मिळतात, म्हणून वजावट कमी. फक्त बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास पाहावा: नार्दीचं सहा बोल्ट ७४ मिलिमीटरवर, मोमोचं सहा बोल्ट ७० मिलिमीटरवर. चार मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण चुकीचा हब आणलात तर बसत नाही, आणि भोकं रुंद केलेलं स्टिअरिंग मी तरी कोणत्याही किमतीला घेणार नाही. तसंच काचेवर पालथं ठेवल्यावर डुगडुगणारं स्टिअरिंग. ते वाकलेलं आहे, कदाचित अपघातात कोणाच्या तरी छातीने वाकवलेलं. ते भिंतीवर टांगायच्या भावातच विकावं आणि तसं स्पष्ट सांगावं.

काही स्टिअरिंग दोन्ही खणांत एक पाय ठेवून असतात. युनोस रोडस्टर, म्हणजे माझ्दाची एमएक्स-५, जपानमध्ये १९९० च्या व्ही-स्पेशल आवृत्तीत नार्दीच्या लाकडी स्टिअरिंगसह कारखान्यातूनच येई. तेव्हा अमेरिकेतल्या त्याच गाडीवर एअरबॅगचं स्टिअरिंग होतं. तेच नार्दी व्ही-स्पेशलच्या मालकाला कंपनी फिटिंग म्हणून हवं असतं, आणि अमेरिकी गाडीच्या मालकाला बाहेरचा शौक म्हणून. एकाच वस्तूला दोन भाव, दोन्ही प्रामाणिक. तसंच डीलरने गाडी हाती देताना बसवलेल्या स्टिअरिंगचं. ते कारखान्यातलं नाही, पण गाडीचा पहिला मालक त्यालाच धरून पहिल्या दिवशी घरी गेला. माझ्या हिशेबात ते त्या काळचंच, फक्त बिल सोबत असेल तर थोडं वरचं.

कागद असेल तर मात्र वेगळं पाहावं लागतं. पोर्शेच्या जुन्या गाड्यांची कारखान्यात कार्डावर नोंद होई, तिला कार्डेक्स म्हणतात. त्यावर त्या गाडीला जादा काय बसवलं हे अनेकदा लिहिलेलं सापडतं. पण हा कागद गाडीसोबत राहतो आणि स्टिअरिंग एकटंच माळ्यावर जातं. तुमच्याकडचं स्टिअरिंग कुठल्या गाडीवरून उतरवलं हे ठाऊक असेल, चासी नंबर कुठे टिपून ठेवला असेल, तर जाहिरात द्यायच्या आधी त्या गाडीचा आजचा मालक शोधावा. बाकी सगळ्यांना ते त्या वर्षाचं, त्या मापाचं एक बरोबर स्टिअरिंग आहे. त्या एकाच माणसाला ते त्याच्या गाडीचं स्टिअरिंग आहे, आणि तो देईल ती किंमत दुसरं कोणी देणार नाही.