टँकरची नोटीस आणि इंग्रजीतला गायब 'इफ'

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. तर मे महिन्यात सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर नोटीस टाकली, 'शुड द टँकर नॉट अराइव्ह बाय नाइन, वॉटर विल बी सप्लाइड इन द इव्हिनिंग.' दोन मिनिटांत बी विंगच्या काकूंचा रिप्लाय, "शुड काय शुड, टँकर यायलाच पाहिजे, मेन्टेनन्स कशाला भरतो आम्ही? आणि प्रश्न विचारताय तर प्रश्नचिन्ह तरी द्या." लोकांनी हसून हसून इमोजी टाकले, काकू ग्रुप सोडून गेल्या, संध्याकाळी पाणी कधी येणार विचारायला परत आल्या.

पण खरं सांगू, काकू फार काही चुकल्या नव्हत्या.

शाळेत आपण शिकलो की इंग्रजीत कर्ता आधी, क्रियापद नंतर, आणि उलटं केलं की प्रश्न. 'यू आर' साधं वाक्य, 'आर यू' प्रश्न. मग 'शुड द टँकर' प्रश्नच वाटणार ना. पण इथे तो 'इफ द टँकर शुड नॉट अराइव्ह'चा छोटा अवतार आहे. 'इफ' काढलाय आणि 'शुड'ला उचलून पुढे आणलंय. आणि या 'शुड'चा अर्थ 'पाहिजे' नाही, 'समजा तसं झालंच तर' असा आहे. तसंच 'इफ आय हॅड नोन'चं 'हॅड आय नोन' होतं, 'इफ आय वेअर यू'चं 'वेअर आय यू'.

यातली गंमत म्हणजे दोन्ही एकदम चालत नाही. 'इफ हॅड आय नोन' कुणीच म्हणत नाही. लोकलमधल्या विंडो सीटसारखं आहे बघा, सीट एकच, 'इफ' बसलाय तोवर क्रियापद आपल्या जागी उभं, तो उठला की क्रियापद जाऊन बसतं. हान्स डेन बेस्टन नावाच्या डच भाषाशास्त्रज्ञाने 1983 च्या लेखात जर्मन आणि डचबद्दल हेच मांडलं, की वाक्य जोडणारा शब्द आणि पुढे आलेलं क्रियापद एकाच जागेसाठी भांडतात.

जर्मनमध्ये तर कुठलंही क्रियापद त्या सीटवर बसू शकतं. 'कोम्स्ट डू मॉर्गन' म्हणजे प्रश्न असेल तर 'उद्या येतोस का', आणि पुढे वाक्य चालू राहिलं तर 'उद्या आलास तर'. जुन्या इंग्रजीतही क्रियापदं अशी बिनधास्त पुढे यायची. पुढे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकापासून मुख्य क्रियापदांची ही उडी बंद होत गेली, प्रश्नासाठी 'डू' आणि 'डिड' मदतीला आले, आणि जर-तरच्या वाक्यात रोजच्या वापरात उरले फक्त तीन: हॅड, वेअर, शुड. 'वॉज' पण नाही! 'इफ आय वॉज रिच' लोक सर्रास बोलतात, पण 'वॉज आय रिच' म्हटलं की तो प्रश्नच होतो. का बरं? कारण ही रचना आता गोठलेली आहे, जुन्या काळातनं जेवढं हाताला लागलं तेवढंच शिल्लक.

अजून एक नखरा आहे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, ती आली नसती तर, असं इंग्रजीत म्हणायचं असेल तर 'हॅड द ट्रेन नॉट कम टू ठाणे' चालतं, पण 'हॅडन्ट द ट्रेन कम' म्हटलं की प्रश्न होतो. प्रश्नात 'नॉट' क्रियापदाला चिकटून पुढे येऊ शकतो, अटीत त्याने मागेच थांबायचं.

आता काकूंकडे येऊ. ओटो येस्पर्सन (1860 ते 1943) हा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ म्हणायचा की ही रचना मुळात प्रश्नातूनच आली असावी. आधी प्रश्न, मनातल्या मनात 'हो' असं उत्तर, मग पुढचं वाक्य, आणि हळूहळू दोन्ही मिळून एकच वाक्य झालं. सगळ्यांना हे पटत नाही, काही म्हणतात की जुन्या जर्मॅनिक भाषांत (म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुटुंबातल्या) क्रियापद साध्या वाक्यातही पहिलं यायचं, त्यामुळे प्रश्नच लागतो असं नाही. मला मात्र येस्पर्सनचं पटतं, कारण मराठीत आपण रोज हेच करतो. 'भूक लागलीये? डब्यात चिवडा आहे.' हा प्रश्न आहे का? उत्तराची वाट कोण बघतंय.

मराठीत क्रियापद शेवटी असतं, त्यामुळे अशी उलटापालट करून काही साधत नाही. आपण 'जर' खातो आणि 'तर' ठेवतो. बोलताना कधीकधी तोही जातो, 'दोन मिनिटं आधी निघालो असतो, फास्ट मिळाली असती', सगळं काम 'असतो-असती'वर.

पण 'शुड'चा जो सरकारी थाट आहे ना, त्याला आपल्याकडे अगदी जोडीदार आहे. 'संशयास्पद वस्तू आढळल्यास', 'तक्रार असल्यास'. इथे जरही नाही, तरही नाही, सगळी अट त्या शेवटच्या 'स'मध्ये कोंबलेली, आणि घरात कुणी असं बोलत नाही, 'भूक लागल्यास सांग' म्हणणारी आई मी तरी पाहिली नाही. हे फक्त पाटीवर आणि नोटिशीत जगतं, इंग्रजी 'शुड' जसा ऑफिसच्या मेलमध्ये जगतो तसंच.

काकांनी पुढची नोटीस मराठीत टाकली. 'टँकर नऊपर्यंत न आल्यास पाणी संध्याकाळी सोडण्यात येईल.' काकूंचा रिप्लाय लगेच आला, "न आल्यास म्हणजे? येणार नाहीये का आज?"