दहीहंडीचे थर

गोपाळकाल्याला उंच टांगलेली हंडी फोडण्यासाठी गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून जो मनोरा रचतात, त्याचे थर. मुंबई-ठाण्यात याची मोठी स्पर्धा झाली आहे. बघ्यांचे लक्ष हंडीतल्या दह्यापेक्षा थर टिकतो की कोसळतो याकडेच असते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सराव साधारणपणे गुरुपौर्णिमेपासून, रात्री कामधंदा आटोपल्यावर होतो. तळाला धिप्पाड गडी, वर वर वजन कमी, टोकाला हलकेफुलके पोर. वरच्या चार थरांत एकेकच गोविंदा असला, की त्याला ‘चार एक्के’ म्हणतात. जाणकारांची खरी दाद या रचनेला, कारण तिथे एकाचा गुडघा लटपटला तरी सगळा डोलारा हलतो. तळाच्या गोविंदाला यातले काही दिसत नाही. मान खाली, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर, मानेजवळ कुणाचा तरी ओला पाय. वर काय चालले आहे ते त्याला भारावरून आणि गर्दीच्या आवाजावरून कळते. हंडी न फोडता थर लावून उतरणे म्हणजे ‘सलामी’. उतरतानाही तितकाच कस लागतो.

थराराची ओढ व्यक्तीगणिक कमी-जास्त असते, असे मानून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ मध्ये ती मोजण्याची पट्टी मांडली. गोविंदांना ती अर्धीच लागू पडते. इथे जोखीम एकट्याची नसते, आणि पणाला गल्लीचे नावही लागलेले असते. स्पेनमधील कॅटलोनियातही असेच मनोरे रचतात. तिथे मनोरा सुखरूप उतरवला तर त्याची किंमत अधिक धरतात.

२०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात ९ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. २०२५ मध्ये ठाण्यातच १० थर लागले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोऱ्याच्या उंचीवर घातलेली २० फुटांची मर्यादा २०१७ मध्ये उठली. १४ वर्षांखालील मुलांना मात्र मनाई राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास १० लाख रुपयांची मदत जाहीर केली. मोठ्या हंड्यांवर टोकाच्या मुलाला हेल्मेट आणि वरून सोडलेला सुरक्षादोर असतो. मधल्या थरांना दोर नसतो. ते कोसळतात ते खालच्यांच्याच अंगावर.